नैसर्गिक निवड की योगायोग? शारीरिक गुणधर्मांच्या उत्क्रांतीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सजीवांचे बहुतेक शारीरिक गुणधर्म नैसर्गिक निवडीने घडले की जनुकीय विचलनाने?

'बहुतेक' हा शब्द कशाला लावायचा, यावर उत्तर अवलंबून आहे. दोन प्रजातींच्या डीएनएमधील फरक मोजले, तर त्यांतील बहुसंख्य फरक योगायोगाने, म्हणजे विचलनाने साचलेले असतात. डोळा, पंख किंवा मूत्रपिंड यांसारख्या गुंतागुंतीच्या अवयवांच्या घडणीविषयी विचारले, तर नैसर्गिक निवडीखेरीज दुसरे स्पष्टीकरण उभे राहत नाही. खरा वाद या दोन टोकांच्या मधल्या पट्ट्यात आहे. एकाच प्रजातीच्या दोन समूहांत किंवा जवळच्या नात्यातील दोन प्रजातींत रंगाचे, आकाराचे आणि मापांचे जे लहानमोठे फरक दिसतात, त्यांना कारण कोणते, हा तो वाद होय. या पट्ट्यात आरंभीचे गृहीतक विचलनाचे असावे आणि निवडीचा दावा करणाऱ्याने पुरावा द्यावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. असा पुरावा शोधू गेल्यास तो अनेकदा सापडतो, हेही तितकेच खरे आहे.

जनुकीय विचलन म्हणजे नेमके काय?

प्रत्येक पिढीत सर्वच प्राण्यांना संतती होत नाही, आणि ज्यांना होते त्यांच्याकडूनही जनुकाच्या दोन प्रतींपैकी कोणती एक प्रत पिल्लाकडे जाईल, हे योगायोगावर ठरते. त्यामुळे एखाद्या जनुकाच्या निरनिराळ्या रूपांचे समूहातील प्रमाण, त्या रूपांचा काहीही फायदा-तोटा नसला तरी, पिढ्यानपिढ्या थोडे वरखाली होत राहते. यालाच जनुकीय विचलन किंवा जेनेटिक ड्रिफ्ट म्हणतात. सुएल राइट यांनी १९३१ साली त्याची गणिती मांडणी केली. समूह जितका लहान, तितका हा चढउतार मोठा असतो, आणि पुरेसा काळ गेला की एक रूप सार्वत्रिक होऊन दुसरे कायमचे नाहीसे होते.

हे प्रत्यक्ष पाहता येते. पीटर ब्युरी यांनी १९५६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात फळमाश्यांचे १०७ समूह वेगवेगळ्या बाटल्यांत वाढवले. प्रत्येक समूहात दर पिढीला ८ नर आणि ८ माद्या ठेवल्या जात, आणि डोळ्यांच्या रंगाशी निगडित असलेल्या एका जनुकाची दोन रूपे सुरुवातीला प्रत्येक बाटलीत समसमान होती. १९ पिढ्यांनंतर ३० समूहांतून एक रूप पूर्णपणे नष्ट झाले होते आणि २८ समूहांत तेच रूप सार्वत्रिक झाले होते. अन्न, तापमान आणि निगा सर्वत्र सारखीच होती. दोन्ही बाजूंचे आकडे जवळजवळ सारखे आहेत, याकडे विशेष लक्ष द्यावे. निवड काम करत असती, तर पारडे एका बाजूला स्पष्टपणे झुकले असते.

मग निवड कधी वरचढ ठरते आणि विचलन कधी?

याचे उत्तर दोन संख्यांच्या तुलनेत आहे. पहिली संख्या म्हणजे एखाद्या जनुकरूपामुळे होणाऱ्या फायद्या-तोट्याचे प्रमाण, आणि दुसरी म्हणजे प्रत्यक्ष प्रजननात भाग घेणाऱ्या समूहाच्या परिणामकारक आकाराच्या दुपटीचा व्यस्तांक. समजा, एखाद्या रूपाचा फायदा हजारात एक इतका आहे. १०० प्राण्यांच्या समूहात तुलनेची दुसरी संख्या दोनशेत एक, म्हणजे पाचपट मोठी असल्यामुळे त्या फायद्याचा आवाज योगायोगाच्या गोंगाटात बुडून जाईल. तोच फायदा एक लाखाच्या समूहात मात्र निर्णायक ठरेल. म्हणजेच कोणतेही जनुकरूप स्वभावतः 'निवडीचे' किंवा 'विचलनाचे' नसते; ते कोणत्या समूहात आहे, यावर त्याचे भवितव्य ठरते.

येथे एक गोष्ट बहुतेकांना अनपेक्षित वाटते. फायदेशीर उत्परिवर्तनेदेखील, म्हणजे जनुकांत नव्याने घडणारे बदलही, बहुधा नष्टच होतात. जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२७ साली दाखवून दिले की मोठ्या समूहात नव्याने उद्भवलेले फायदेशीर रूप अखेर सार्वत्रिक होण्याची शक्यता त्याच्या फायद्याच्या सुमारे दुप्पट असते. फायदा एक टक्का असेल तर ही शक्यता साधारण दोन टक्के, म्हणजे शंभरातील अठ्ठ्याण्णव वेळा ते रूप पहिल्या काही पिढ्यांतच योगायोगाने हरवते. हाल्डेन पुढे १९५७ साली भारतात आले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या या जुन्या गणिताचा अर्थ असा की निवडीच्या प्रत्येक यशोगाथेच्या आरंभीही विचलनाने दिलेली एक संधी असते.

किमुरा यांच्या तटस्थ सिद्धान्ताने डार्विन खोटा ठरला का?

नाही. मोतू किमुरा यांनी १९६८ साली जे मांडले ते रेणूंच्या पातळीवरील बदलांविषयी होते. प्रथिनांच्या तुलनेवरून त्यांनी अंदाज केला की सस्तन प्राण्यांच्या वंशात सरासरी सुमारे दोन वर्षांना डीएनएमधील एक बदल सार्वत्रिक होत असावा. इतके सारे बदल निवडीनेच घडवायचे, तर कमी सरस प्राण्यांच्या मृत्यूची किंवा वंध्यत्वाची जी किंमत प्रत्येक पिढीला मोजावी लागेल, ती कोणत्याही प्रजातीला परवडणारी नाही. म्हणून यांतील बहुसंख्य बदल तटस्थ, म्हणजे फायद्याचेही नाहीत आणि तोट्याचेही नाहीत असे असले पाहिजेत. पुढच्याच वर्षी किंग आणि ज्यूक्स यांनी स्वतंत्रपणे हाच निष्कर्ष मांडला. तोमोको ओहता यांनी १९७३ साली त्यात महत्त्वाची भर घातली: किंचित हानिकारक बदलही लहान समूहांत तटस्थ असल्यासारखे वागतात आणि योगायोगाने टिकून जातात.

शरीराची बाह्य घडण आणि वातावरणाशी तिचा मेळ मात्र निवडीनेच साधला जातो, असे स्वतः किमुरा यांनी स्पष्टपणे लिहिले होते. डार्विन यांचीही भूमिका समजली जाते तितकी एकांगी नव्हती. नैसर्गिक निवड हे बदलाचे मुख्य साधन आहे, पण एकमेव नव्हे, असे त्यांनी १८५९ सालीच नोंदवले होते, आणि जे फरक उपयोगी नाहीत व अपायकारकही नाहीत त्यांच्यावर निवडीचा परिणाम होणार नाही, हेही त्यांनी सांगितले होते.

डीएनएतील बदल तटस्थ असतील, तर शरीरातील बदलही तटस्थच नसतील का?

असे अनुमान काढता येत नाही. माणसाच्या जनुकसंचातील जेमतेम एक ते दोन टक्के भाग प्रथिनांची माहिती वाहतो, आणि निवडीने जपलेला एकूण भाग, २०१४ सालच्या एका अंदाजानुसार, सुमारे आठ टक्के आहे. उरलेल्या मोठ्या भागातील बदल शरीरावर उमटतच नाहीत, त्यामुळे निवडीला तेथे हात घालायला काही मिळत नाही. शरीरावर दिसणारा गुणधर्म याच्या उलट टोकाला असतो. जो बदल दिसतो, ज्याने हालचाल, उष्णता, अन्न किंवा जोडीदार यांवर काही परिणाम होऊ शकतो, तो निवडीच्या नजरेत येण्याची शक्यता अधिक. मात्र शक्यता अधिक आहे, एवढेच म्हणता येते.

डोळ्यासारखा अवयव विचलनाने घडू शकतो का?

नाही. शेकडो जनुकांनी एकाच कामासाठी एकमेकांशी जुळवून घेणे योगायोगाच्या साखळीने साधत नाही.

विचलनामुळे डोळ्यांना दिसणारा गुणधर्म पसरल्याचे एखादे ठोस उदाहरण आहे का?

ओडिशातील सिमिलिपाल व्याघ्र प्रकल्पातील काळे वाघ हे भारतातील अत्यंत बोलके उदाहरण आहे. या वाघांच्या अंगावरील काळे पट्टे इतके रुंद आणि एकमेकांत मिसळलेले असतात की मूळचा पिवळा रंग अधूनमधूनच डोकावतो. बंगळूरु येथील राष्ट्रीय जीवशास्त्र केंद्रातील उमा रामकृष्णन यांच्या गटाने २०२१ साली दाखवून दिले की याचे मूळ टॅकपेप नावाच्या जनुकातील एकाच बदलात आहे. याच जनुकातील निराळ्या बदलांमुळे पाळीव मांजराच्या अंगावर पट्ट्यांऐवजी मोठे ठिपके येतात आणि चित्त्याची 'राजचित्ता' म्हणून ओळखली जाणारी आवृत्ती तयार होते. हा बदल अप्रभावी आहे, म्हणजे त्याच्या दोन्ही प्रती मिळाल्या तरच वाघ काळा दिसतो.

सिमिलिपालमध्ये या रूपाचे प्रमाण ५८ टक्के आढळले आणि तेथील सुमारे ३७ टक्के वाघ काळे असल्याचे दिसले. देशातील इतर जंगलांतील तपासलेल्या वाघांत मात्र हे रूप आढळलेच नाही. ते सापडले ते सिमिलिपालशी पूर्वजांचे नाते असलेल्या, प्राणिसंग्रहालयांतील काही वाघांत. सिमिलिपालचा वाघसमूह लहान आहे, इतरांपासून तुटलेला आहे आणि त्याचे मूळ मोजक्याच वाघांत असावे, असे त्याच्या जनुकसंचावरून दिसते. या सर्व बाबी विचलन आणि आंतरप्रजनन यांकडे बोट दाखवतात. दाट जंगलात गडद अंगाचा वाघ लपायला सोयीचा, अशी निवडीची कथा रचणे सोपे आहे आणि तिची शक्यता पूर्णपणे फेटाळता येत नाही. पण संशोधकांनी समूहाच्या ज्ञात आकारावरून केलेल्या गणिती प्रतिरूपांत केवळ विचलनानेही एवढे प्रमाण गाठता येते, असे दिसले. फायद्याची कथा येथे अनावश्यक ठरते.

या प्रकरणाचा एक धागा महाराष्ट्रापर्यंत येतो. सिमिलिपालच्या वाघांतील जनुकीय विविधता वाढावी, म्हणून २०२४ च्या अखेरीस चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पातून जमुना आणि झीनत या दोन वाघिणी तेथे नेण्यात आल्या. त्यांपैकी झीनत झारखंड आणि पश्चिम बंगालपर्यंत भटकून गेली आणि तिला बांकुडा जिल्ह्यात पकडून परत आणावे लागले. विचलनाच्या गणितावर आधारलेला वनविभागाचा निर्णय वाघिणीला मान्य होईलच असे नाही, हे त्यानिमित्ताने दिसून आले.

एकशिंगी गेंडा आणि दोन शिंगांचा गेंडा: या फरकाला काही कारण आहे का?

काझीरंगातील भारतीय गेंड्याला एक शिंग असते, आफ्रिकेतील दोन्ही प्रजातींना दोन. आशियात एक शिंग आणि आफ्रिकेत दोन शिंगे अधिक उपयोगी असली पाहिजेत, असे कोणी म्हणू लागल्यास सुमात्रातील गेंडा आड येतो, कारण तो आशियाई असूनही दोन शिंगांचा आहे. शिंग असण्याला निवडीचा आधार असणे पटण्यासारखे आहे. शिंगांची संख्या मात्र, रिचर्ड लेवॉन्टिन यांनी सुचवल्याप्रमाणे, पूर्वजांमध्ये कोणते उत्परिवर्तन आधी घडले यावरही ठरलेली असू शकते. निवडीने गुणधर्म घडवला, पण त्याच्या दोन तुल्यबळ रूपांपैकी कोणते हे योगायोगाने ठरवले, अशी वाटणी निसर्गात विरळा नसावी, आणि 'हे की ते' अशा स्वरूपात वाद घालणाऱ्यांच्या ती नजरेतून निसटते.

प्रत्येक गुणधर्माला काही ना काही उपयोग असलाच पाहिजे ना?

असे गृहीत धरण्यावर स्टीफन जे गूल्ड आणि रिचर्ड लेवॉन्टिन यांनी १९७९ साली कडाडून टीका केली. शरीराचे सुटे भाग करून प्रत्येक भागासाठी एक उपयोग कल्पायचा, तो खोटा ठरला की दुसरा कल्पायचा, आणि उपयोग नसण्याची शक्यता कधीच तपासायची नाही, अशी ही सवय आहे, असे त्यांचे म्हणणे होते. पुरुषांची स्तनाग्रे हे साधे उदाहरण घेता येईल. गर्भाची घडण सुरुवातीच्या आठवड्यांत दोन्ही लिंगांत सारखीच असते, स्त्रीदेहात स्तनाग्रांचे काम आहे, आणि पुरुषदेहात ती त्या सामाईक घडणीचा अवशेष म्हणून राहतात. त्यांच्यासाठी ना निवडीची स्वतंत्र कथा लागते, ना विचलनाची.

एका जनुकाचे अनेक परिणाम असणे ही याहून गुंतागुंतीची बाब आहे. ईडार जनुकाचे पूर्व आशियात प्रचलित असलेले रूप डोक्याचे केस जाड करते, दातांना मागून फावड्यासारखा खोलगटपणा देते आणि, उंदरांवरील २०१३ सालच्या प्रयोगानुसार, घामाच्या ग्रंथी वाढवते. या रूपावर निवडीचा ठसा ठळक आहे. पण निवड नेमकी कशाची झाली? केसांची, घामाची, की आणखी कशाची? ज्याची झाली तो एक परिणाम सोडल्यास बाकीचे त्याच्या पाठोपाठ आलेले आहेत. फावड्यासारख्या दातांवर निवडीची मोहोर असली, तरी त्यांचा स्वतःचा काही उपयोग असेलच असे नाही.

विचलन म्हणून सांगितलेली उदाहरणे नंतर निवडीची निघाली, असे घडले आहे का?

घडले आहे, आणि विचलनाच्या बाजूने बोलणाऱ्यांनी ही उदाहरणे विसरू नयेत. युरोपातील सेपिया नावाच्या जमिनीवरील गोगलगायींच्या कवचांत पिवळे, गुलाबी आणि तपकिरी रंग व त्यांवर पट्टे असणे-नसणे असे पुष्कळ प्रकार आढळतात. बराच काळ हे निव्वळ योगायोगाचे उदाहरण मानले जात असे. केन आणि शेपर्ड यांनी १९५० च्या दशकात इंग्लंडमध्ये दाखवून दिले की तपकिरी पाचोळ्याच्या रानात बिनपट्ट्यांची गडद कवचे आणि गवताळ जागी पिवळी, पट्टेदार कवचे अधिक असतात, आणि कस्तूर जातीचे पक्षी दगडावर आपटून फोडतात ती कवचे बहुधा आसपासच्या रंगात न मिसळणारी असतात.

त्याहून उद्बोधक कथा कॅलिफोर्नियातील मोहावे वाळवंटात उगवणाऱ्या लिनँथस पॅरी या इवल्याशा रोपाची आहे. काही ठिकाणी त्याची फुले निळी असतात, काही ठिकाणी पांढरी, तर काही ठिकाणी मिश्र. सुएल राइट यांनी १९४३ साली हीच आकडेवारी घेऊन लहान, परस्परांपासून दूर असलेल्या समूहांतील विचलनाचे विवेचन केले होते. शेम्स्के आणि बिअर्झीकुडेक यांनी अनेक वर्षे त्याच रोपांचे निरीक्षण केले आणि २००१ साली दाखवले की कमी पावसाच्या वर्षी निळ्या फुलांच्या रोपांना बी अधिक धरते, आणि पाऊसपाण्याच्या वर्षी पांढऱ्या फुलांच्या. फायदा वर्षागणिक दिशा बदलत असल्यामुळे थोड्या काळाच्या निरीक्षणात तो योगायोगासारखाच दिसतो. ज्या उदाहरणावर विचलनाची कीर्ती काही अंशी उभी होती, तेच निवडीचे निघाले.

एकाच प्राण्याच्या दोन गुणधर्मांची उत्तरे वेगळी असू शकतात का?

असू शकतात, आणि मेक्सिकोतील गुहांमध्ये राहणारा आंधळा मासा याचे उत्तम उदाहरण आहे. ॲस्टियानॅक्स प्रजातीच्या या माशाचे नदीतील भाऊबंद डोळस आणि रंगीत आहेत, गुहेतील मासे मात्र डोळे आणि रंग दोन्ही गमावून बसले आहेत. अंधारात दोन्ही निरुपयोगी, म्हणून दोन्ही हळूहळू योगायोगाने गळून गेले असतील, असे वाटणे साहजिक आहे. प्रोटास आणि सहकाऱ्यांनी २००७ साली गुहेतील आणि नदीतील माशांचा संकर करून, कोणत्या जनुकीय भागामुळे डोळ्याचा आकार आणि रंगपेशींची संख्या बदलते, याचा शोध घेतला. डोळ्यांवर परिणाम करणाऱ्या सर्व भागांत गुहेतील रूप डोळा लहानच करत होते. रंगाच्या बाबतीत मात्र गुहेतील काही रूपे रंगपेशी कमी करत होती, तर काही चक्क वाढवत होती.

या दिशेत सारे रहस्य आहे. सर्व बदल एकाच दिशेचे असतील, तर मागे निवडीचा रेटा असावा. दिशा संमिश्र असेल, तर विचलनाची शक्यता वाढते. डोळे आणि त्यांच्याशी जोडलेला मेंदूचा भाग पोसायला ऊर्जा भरपूर लागते आणि गुहेत अन्न तुटपुंजे असते, त्यामुळे डोळे गमावण्यात लाभ असणे समजण्यासारखे आहे. रंग गमावण्यात काही छुपा लाभ होता का, यावर पुढेही संशोधन झाले आहे आणि तो प्रश्न संपलेला नाही.

माणसाची कवटी, नाक आणि त्वचेचा रंग यांबाबत काय आढळते?

येथे तीन गुणधर्मांची तीन उत्तरे मिळतात. जगभरातील साडेचार हजारांहून अधिक कवट्यांची मापे तपासणाऱ्या आंद्रेआ मनिका आणि सहकाऱ्यांच्या २००७ सालच्या अभ्यासात असे दिसले की आफ्रिकेपासून जितके दूर जावे तितकी समूहांतर्गत विविधता घटत जाते. माणसांचे छोटे गट आफ्रिकेतून टप्प्याटप्प्याने पुढे सरकत गेले आणि प्रत्येक टप्प्यावर विविधतेचा काही भाग मागे राहिला, या विचलनाच्या चित्राशी ते तंतोतंत जुळते. म्हणजे कवटीच्या आकारातील प्रादेशिक फरकांचा मोठा भाग स्थलांतराच्या इतिहासाची नोंद आहे, हवामानाची नव्हे. अतिथंड प्रदेशांतील लोकांच्या कवट्या मात्र या चौकटीत पूर्णपणे बसत नाहीत. तेथे निवडीचा ठसा दिसतो.

नाकाचे तसे नाही. नाकपुड्यांची रुंदी आणि नाकाच्या पायाची रुंदी यांत समूहासमूहांत जितका फरक आहे, तितका निव्वळ विचलनाने अपेक्षित नाही, आणि तो फरक तापमान व हवेतील बाष्पाशी निगडित आहे, असे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. थंड, कोरडी हवा फुप्फुसांत जाण्यापूर्वी गरम आणि दमट करण्याचे काम अरुंद नाक अधिक चांगले करते. त्याच अभ्यासात नाकाच्या इतर काही मापांतील फरक विचलनाच्या अपेक्षेइतकेच आढळले. नाकासारख्या एका अवयवातही दोन्ही कारणे शेजारी नांदतात.

त्वचेचा रंग हा माणसाचा बहुधा निवडीने सर्वाधिक घडवलेला दृश्य गुणधर्म आहे. विषुववृत्ताजवळ अतिनील किरणांपासून संरक्षण आणि उत्तरेत ड जीवनसत्त्वाची निर्मिती, या दोन गरजांचा ताण त्यामागे आहे, असे मानले जाते. तरीही भारताचे चित्र इतके सरळ नाही. हैदराबाद येथील पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्राच्या सहभागाने झालेल्या २०१३ सालच्या अभ्यासात असे दिसले की एसएलसी२४ए५ जनुकाचे त्वचा उजळ करणारे रूप भारतीयांत आणि युरोपीयांत एकाच पूर्वजाकडून आलेले आहे. भारतात ते कोठे किती प्रमाणात आढळते, हे सूर्यप्रकाशावर जितके ठरते तितकेच स्थलांतरे, भाषागट आणि समूहांच्या इतिहासावरही ठरते. गोऱ्या-सावळ्याच्या भेदावर श्रेष्ठ-कनिष्ठतेच्या कल्पना उभारणाऱ्यांना या जनुकाच्या इतिहासात आधार मिळत नाही.

जातींतर्गत विवाहांमुळे भारतीयांच्या शरीरावर विचलनाचा परिणाम झाला आहे का?

झाला आहे, मात्र तो चेहऱ्यापेक्षा आजारांत अधिक स्पष्ट दिसतो. मोठी लोकसंख्या असलेला समाजही जर थोड्याच पूर्वजांपासून वाढलेला असेल आणि शतकानुशतके आपसांतच विवाह करत असेल, तर जनुकीय दृष्टीने तो लहान समूहासारखा वागतो. आंध्र आणि तेलंगणातील वैश्य समाजात भूल देताना वापरल्या जाणाऱ्या सक्सिनिलकोलीन या औषधाचे विघटन करणाऱ्या विकराची जन्मजात कमतरता इतरांपेक्षा सुमारे १०० पट अधिक आढळते. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर स्नायूंचा शिथिलपणा लांबू शकतो. या कमतरतेला कोणताही लाभ चिकटलेला असल्याचे ज्ञात नाही. ती संस्थापक पूर्वजांपैकी कोणाकडून तरी आलेली असणार. दक्षिण आशियातील अनेक समाजांत अशा संस्थापक घटनांच्या खुणा असल्याचे २०१७ सालच्या एका व्यापक अभ्यासाने दाखवले.

याच्या शेजारी सिकलसेलचे उदाहरण ठेवले की फरक कळतो. विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासीबहुल जिल्ह्यांत आढळणाऱ्या या आनुवंशिक रक्तविकाराला कारण असलेल्या जनुकरूपाची एकच प्रत असलेल्या व्यक्तीला मलेरियाच्या तीव्र रूपापासून संरक्षण मिळते, हे अँथनी ॲलिसन यांनी १९५४ साली आफ्रिकेतील निरीक्षणांवरून दाखवले. दोन प्रतींचा घात आणि एका प्रतीचा लाभ यांच्या ओढाताणीत निवडच ते रूप टिकवून धरते. तरीही एकमेकांशेजारी राहणाऱ्या दोन जमातींत त्याचे प्रमाण पुष्कळ वेगळे असू शकते, आणि त्या फरकात लहान समूहांतील विचलनाचा वाटा नाकारता येत नाही. तिसरे उदाहरण मायबीपीसी३ जनुकातील पंचवीस अक्षरांच्या लोपाचे आहे. दक्षिण आशियातील सुमारे चार टक्के लोकांत आढळणारा हा दोष हृदयाचे स्नायू दुबळे करू शकतो, परंतु त्याचा परिणाम बहुधा मध्यम वयानंतर, म्हणजे मुले झाल्यानंतर दिसत असल्यामुळे निवडीची त्याच्यावरील पकड ढिली राहते.

उंचीसारख्या गुणधर्माबाबत निवड सिद्ध करणे अवघड का जाते?

कारण उंची हजारो जनुकीय स्थानांवर अवलंबून असते आणि प्रत्येक स्थानाचा वाटा नगण्य असतो. सुमारे ५४ लाख लोकांच्या माहितीवर आधारलेल्या २०२२ सालच्या अभ्यासात अशी १२,१११ स्थाने निश्चित झाली. त्यापूर्वी, २०१२ पासून, उत्तर युरोपातील लोक दक्षिण युरोपातील लोकांपेक्षा उंच आहेत ते निवडीमुळे, असा निष्कर्ष अनेक अभ्यासांनी काढला होता आणि तो बहुजनुकीय निवडीचा आदर्श नमुना समजला जात होता. २०१९ साली दोन स्वतंत्र गटांनी तोच प्रश्न ब्रिटनमधील अधिक एकजिनसी माहितीवर तपासला, तेव्हा निवडीचा तो संकेत बहुतांशी विरून गेला. आधीच्या माहितीत निरनिराळ्या देशांतील लोकांची पार्श्वभूमी पुरेशी वेगळी काढली गेली नव्हती, आणि प्रत्येक स्थानावरील अगदी सूक्ष्म चूक हजारो स्थानांवर बेरीज होऊन मोठी झाली होती.

शिवाय उंचीत जनुकांचा संबंध नसलेला बदलही होतो. दक्षिण कोरियातील स्त्रियांची सरासरी उंची एका शतकात सुमारे २० सेंटीमीटरने वाढली. एवढ्या थोड्या पिढ्यांत ना निवड असे काही करू शकते, ना विचलन. हा आहाराचा आणि आरोग्याचा परिणाम आहे. एखादा फरक निवडीचा की विचलनाचा, हे विचारण्याआधी तो मुळात आनुवंशिक आहे का, हे पाहायला हवे, आणि सार्वजनिक चर्चेत नेमकी हीच पायरी गाळली जाते.

सर्व गुणधर्मांपैकी किती टक्के निवडीचे आणि किती विचलनाचे, असा आकडा देता येईल का?

देता येणार नाही, कारण गुणधर्म मोजण्याचे एकक ठरलेले नाही. नाक हा एक गुणधर्म मानायचा की त्याची सात मापे हे सात गुणधर्म? मापे जितकी बारीक करावीत, तितका विचलनाचा वाटा वाढतो. अवयव जितका समग्र घ्यावा, तितका निवडीचा. जो कोणी याबाबत टक्केवारी सांगेल, त्याने एकक आधीच आपल्या सोयीने निवडलेले असते.

विचलन म्हणणे म्हणजे कारण ठाऊक नसल्याची कबुलीच नव्हे का?

हा आक्षेप वारंवार घेतला जातो आणि तो रास्त नाही. विचलनातून निश्चित, तपासता येण्याजोगी भाकिते निघतात. किमुरा यांच्या सिद्धान्तानुसार ज्या बदलांनी प्रथिनात काहीच फरक पडत नाही, ते बदल सर्वांत वेगाने साचले पाहिजेत, आणि निकामी झालेल्या जनुकांत तर हा वेग कमाल असला पाहिजे. निवडच सर्व बदल घडवत असती, तर महत्त्वाची जनुके अधिक वेगाने बदलताना दिसली असती. १९८० च्या सुमारास हिमोग्लोबिनशी नाते असलेली निकामी जनुके हाती लागली, तेव्हा त्यांच्यातील बदलांचा वेग कार्यरत जनुकांपेक्षा खरोखरच पुष्कळ अधिक भरला.

शरीराच्या मापांबाबतही अशी कसोटी लावता येते. टिमोथी वीव्हर, चार्ल्स रोझमन आणि क्रिस स्ट्रिंगर यांनी निअँडरथल मानव आणि आधुनिक मानव यांच्या कवट्यांमधील फरक केवळ विचलनाने पडले असे धरले, आणि त्या फरकांवरून दोन्ही शाखा केव्हा वेगळ्या झाल्या असाव्यात याचे गणित मांडले. ते उत्तर साधारण तीन ते साडेचार लाख वर्षांपूर्वीचे आले आणि प्राचीन डीएनएवरून त्या वेळी केलेल्या स्वतंत्र अंदाजांशी जुळले. निअँडरथलांच्या कवटीची घडण थंडीशी किंवा दातांच्या जोरकस वापराशी जोडणारी स्पष्टीकरणे त्याआधी अनेक दशके दिली जात होती. ती सर्व चूक आहेत, असे या गणिताने सिद्ध होत नाही. परंतु ती मांडणाऱ्यांना आता विचलनाच्या अपेक्षेपेक्षा अधिक असे काही कवटीत दाखवून द्यावे लागते.